अकराव्या गुणसूत्रापाशी

बसा.

स्टूल थोडं पुढे ओढून घ्या. पाठ सरळ असू द्या, ताठ नको. दोन्ही पाय जमिनीला टेकू द्या.

जागा लाखनीतली आहे. समर्थ महाविद्यालयासारख्या एखाद्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, प्रॅक्टिकल आटोपून मुलं गेल्यानंतरची. टेबलावर सूक्ष्मदर्शक. त्याच्या मंचावर एक काचपट्टी, क्लिपांखाली नीट बसवलेली.

बाहेर पाऊस थांबला आहे. रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरून एक ट्रक जातो. आवाज जवळ येतो, मोठा होतो, लांब जातो. गावाबाहेर धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या आहेत. रोवणी झाली आहे. परे अजून कलंडलेले आहेत, एक-दोन दिवसांत उभे राहतील.

येऊ द्या आवाज. जाऊ द्या.

श्वास घ्या.

सोडा.

नळीला डोळा लावायची घाई नको. आधी काचपट्टी नुसत्या डोळ्यांनी बघा.

मधोमध एक फिकट जांभळट डाग आहे. काच उजेडात जरा तिरकी धरली तरच दिसेल असा.

हे कोणाचं तरी रक्त आहे.

कोणाचं, ते काचेवर लिहिलेलं नाही. कोपऱ्यात एक क्रमांक आहे, तेवढाच. कोणीतरी बाही वर केली, दंडाला पट्टा बांधून घेतला, मूठ आवळली आणि दोन-तीन मिलिलिटर रक्त दिलं.

त्या माणसापाशी क्षणभर थांबा.

बाई असेल. बाप्या असेल. लेकरू असेल. अजून आपल्याला माहीत नाही.

रक्त म्हटलं की लाल रंग आठवतो. इथे लाल काहीच नाही.

लाल पेशी पक्व होताना आपलं केंद्रक टाकून देते. तिच्यात गुणसूत्रं उरतच नाहीत. या काचेवर आहेत त्या पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट. रक्तात त्या एरवी शांत फिरत असतात, विभाजनाच्या वाटेला जात नाहीत.

त्यांना जागं करावं लागतं.

राजम्याच्या दाण्यांतून काढलेलं एक प्रथिन त्यांना जागं करतं. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल लाल पेशी एकत्र गोळा करून बाजूला काढण्यासाठी ते वापरत होते. मागे राहिलेल्या पांढऱ्या पेशी विभागू लागल्या. हे त्यांनी 1960 साली जगाला सांगितलं.

मग ऊब. 37 अंश सेल्सिअस. बंद पेटीत, अंधारात, 72 तास.

पोटावर हात ठेवा. कपड्याखालून तळव्याला जी जाणवते, जवळपास तीच ही ऊब.

तीन दिवस. तीन रात्री.

हात तसाच राहू द्या. पोट वर येतं. खाली जातं.

मग थांबवणं.

पेशी विभागायच्या बेतात येते, तेव्हा तिची गुणसूत्रं आखडतात, घट्ट होतात आणि मधोमध येतात. बारीक तंतू त्यांना दोन टोकांकडे ओढणार असतात. नेमक्या त्या वेळी कुपीत कोल्चिसीन सोडतात. तंतू तयार होत नाहीत. ओढणारं कोणी उरत नाही. गुणसूत्रं आहेत तिथेच राहतात.

हेच कोल्चिसीन आपल्याकडच्या कळलावीत असतं. या दिवसांत रानाच्या कडेला, कुंपणावर चढलेली कळलावी तुम्ही पाहिली असेल. पाकळ्या मागे वळलेल्या, काठ लाटालाटांचे, बुडाशी पिवळ्या आणि टोकाकडे लाल. तिच्या पानाचं टोकच वळतं आणि शेजारची फांदी धरतं. कंद मात्र विषारी. बघावा, तोंडाला लावू नये.

ते फूल मनात आणा. सगळं नको. एकच पाकळी. तिचा काठ.

आणि आता पेशीतला तो क्षण. पुढे जायचं होतं, आणि थांबलं.

तुम्हीही थांबा.

आता पाणी.

मला विचाराल तर या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर पायरी हीच. थांबलेल्या पेशींवर पोटॅशियम क्लोराइडचं अगदी सौम्य पाणी घालतात, रक्तातल्या द्रवापेक्षा पातळ. पाणी आत शिरतं. पेशी भिजत घातलेल्या बी-धानासारखी फुगते. आत एकमेकांवर पडलेली गुणसूत्रं सुटी होतात, दूर दूर सरकतात.

हे पाणी योगायोगाने सापडलं. 1952 च्या सुमाराला, टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत कोणाच्या तरी हातून द्रावण पातळ झालं आणि टी. सी. शू यांना सूक्ष्मदर्शकाखाली माणसाची गुणसूत्रं मोकळी पसरलेली दिसली. आपण काय पाहतो आहोत यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

त्याआधी दिसायचा तो गुंता. 1923 साली थिओफिलस पेंटर यांनी त्या गुंत्यात मोजून 48 आकडा सांगितला. पुढे तीस वर्षांहून जास्त काळ पुस्तकांत 48 च छापलं गेलं, आणि बघणाऱ्यांनाही 48 च दिसत राहिली. 22 डिसेंबर 1955 ला स्वीडनमधल्या लुंडमध्ये जो हिन त्यो यांनी नीट पसरलेल्या पेशी पाहिल्या. 46. दुसरी पेशी. 46. आल्बर्ट लेव्हान यांच्याबरोबरचा त्यांचा लेख 1956 मध्ये आला.

आपण आज मोजणार नाही.

मनात आकडा आला तर येऊ द्या. त्याच्यामागे जाऊ नका.

पेशी मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये पक्क्या करतात. मग ड्रॉपरने त्यांचा एक थेंब वरून काचेवर सोडतात.

थेंब पडतो. पसरतो. कडेकडून सुकत येतो.

सुकण्याचा वेग हवेच्या हातात असतो. मे महिन्यातल्या इथल्या कोरड्या हवेत थेंब झटकन वाळतो आणि गुणसूत्रं पसरण्याआधीच अडकतात. आजच्यासारख्या दमट दिवशी तो रेंगाळतो. कधी इतका, की एका पेशीतली गुणसूत्रं हद्द ओलांडून दुसरीकडे जातात. म्हणून हे काम करणारी माणसं हवा बघून हात चालवतात. कोरड्या दिवशी काच वाफेवर धरतात, ओल्या दिवशी जराशी गरम करतात, आणि थेंब वाळेपर्यंत नजर हलवत नाहीत.

गालावरची हवा जाणवते का?

ती ओलसर आहे. जड आहे.

तिच्यात थोडं बसा.

शेवटी रंग.

आधी ट्रिप्सिनमध्ये काही सेकंद. पट्टे उमटायला एवढी एक बुडी पुरते, हे इंग्लंडमध्ये मरीना सीब्राइट यांनी 1971 साली दाखवलं. मग काच गिम्साच्या द्रावणात ठेवतात. त्यात निळा आणि गुलाबी असे दोन्ही रंग असतात. काही मिनिटं. काच बाहेर काढायची, पाण्याने हलकेच धुवायची, उभी करून वाळू द्यायची.

गुणसूत्रांवर पट्टे उमटलेले असतात. गडद, फिकट. गडद, फिकट.

हे पट्टे कोणी काढलेले नाहीत. गुणसूत्र आपल्या घडणीप्रमाणे एका जागी रंग धरतं, एका जागी सोडतं.

आता डोळा लावा.

दुसरा डोळा मिटू नका. दोन्ही उघडे राहू द्या. थोड्या वेळाने टेबल आपोआप दिसेनासं होईल.

आधी लहान भिंग, 10 एक्सचं. जांभळी गोल केंद्रकं दिसतात, पुष्कळ. या न विभागलेल्या पेशी. गुणसूत्रं त्यांच्यातही आहेत, पण सैल, लांब, एकमेकांत मिसळलेली. वेगवेगळी ओळखू येत नाहीत.

मंचाची चक्री फिरवा. सावकाश. एक ओळ इकडून तिकडे. मग थोडं खाली, आणि तिकडून इकडे.

गोल. गोल. गोल.

घाई नको.

इथे गोल नाही. इथे आखूड तुकड्यांचा एक विखुरलेला घोळका आहे.

थांबा.

तेलाचा एक थेंब काचेवर सोडा. 100 एक्सचं भिंग फिरवून जागेवर आणा. ते जागेवर बसल्याचं बोटांना कळतं. भिंग तेलाला टेकतं.

सगळं धूसर आहे. बारीक चक्रीवर बोट ठेवा. अगदी हळू.

श्वास बाहेर जाऊ द्या. तो बाहेर जात असताना हात सर्वांत स्थिर असतो.

अजून हळू.

दिसलं.

काही करू नका. नुसतं बघा.

जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे. काही लांब, काही बुटके. काही सरळ, काही वाकलेले. एक दुसऱ्यावर आडवं पडलेलं. प्रत्येकाला कुठेतरी एक चिमटा. तो गुणसूत्रबिंदू. त्याच्या एका बाजूला आखूड भुजा, दुसऱ्या बाजूला लांब.

यातलं सर्वांत मोठं, पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडं लहान आहे. आणि एका पेशीतल्या सगळ्या गुणसूत्रांतला डीएनए उलगडून टोकाला टोक जोडला तर सुमारे दोन मीटर होतो. इथे तर पेशी विभागायला निघालेली. प्रत्येकाची नक्कल तयार आहे. म्हणजे चार मीटर.

चार मीटर, आणि सगळं या एका वर्तुळात.

बघा.

घोळक्यात वाय दिसत नाही. एक्स दोन आहेत.

म्हणजे ही बाई आहे. किंवा मुलगी.

तिच्याविषयी पहिली गोष्ट कळली. ती कळू द्या. मनात काही चेहरा येईल, येऊ द्या. पण तो तिचा चेहरा नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता एक शोधू या. अकरावं.

मध्यम बांध्याचं. गुणसूत्रबिंदू मध्यापासून जरा एका अंगाला. लांब भुजेवर, गुणसूत्रबिंदूच्या खाली, एक रुंद फिकट भाग. त्याच्या पुढे ठळक गडद पट्टा.

बारावं याच बांध्याचं आहे. नव्या माणसाला ते हमखास चकवतं. त्याचा फिकट भाग अरुंद असतो.

नजर एकावरून दुसऱ्यावर जाऊ द्या. नाही. हे नाही.

हे.

आणि त्याचा जोडीदार? तो जवळ नाही. जोड्या शेजारी शेजारी पडत नाहीत. घोळक्याच्या पार दुसऱ्या कडेला बघा.

ते.

एक तिला आईकडून आलं. एक वडिलांकडून. कोणतं कोणाचं, ते या नळीतून कळत नाही. पट्टे दोन्हींवर सारखेच आहेत. आई-वडील इथे असे दूर दूर पडले आहेत, ओळख न सांगता.

दोन्हींवर नजर ठेवा. आळीपाळीने.

एकावर एक श्वास.

दुसऱ्यावर एक श्वास.

आता त्यांतल्या एकाजवळच राहा.

नीट पाहिलं तर ते एक नाही. लांबीभर एक बारीक फट आहे, कुठे दिसते, कुठे मिटते. दोन अर्धसूत्रं शेजारी शेजारी. एकाच धाग्याच्या दोन प्रती. निम्मं निम्मं जुनं, निम्मं निम्मं नवं, दोन्हींत सारखंच. ती दोन पेशींत जाणार होती.

गेली नाहीत.

गडद पट्टे लगेच डोळ्यांत भरतात. डोळा पुन्हा पुन्हा तिकडेच जातो. जाऊ द्या. मग त्याला हळूच फिकट भागावर आणा. जनुकांची दाटी तिथे जास्त आहे. गडद पट्ट्यांत ती विरळ असतात. पेशीचं रोजचं बरंचसं काम या फिकट जागांतून चालतं.

फिकट जागेवर थांबा. तिथे बघायला काही नाही असं वाटेल.

तरी थांबा.

आता आखूड भुजेवरून वर या. सावकाश. टोकापर्यंत.

टोक फिकट आहे.

टोकापासून भुजेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं खाली या. हीमोग्लोबिनच्या एका साखळीचं जनुक इथे आहे. अकराव्या गुणसूत्रात सुमारे साडेतेरा कोटी अक्षरं आहेत. काही माणसांत या जागचं एक अक्षर बदललेलं असतं. ए होता तिथे टी आलेला. तेवढ्याने साखळीतल्या एका ठिकाणी ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं. असं हीमोग्लोबिन प्राणवायू सोडून मोकळं झालं की एकमेकांना चिकटतं, पेशीच्या आत लांब लांब दांडे होतात, आणि लाल पेशी वाकते.

तीच लाल पेशी. जिच्यात गुणसूत्र उरलेलंच नाही.

सिकलसेल.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते 1958 साली. गावांतल्या हाडांनी तो त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखला होता. गार पाण्यात दिवसभर वाकून रोवणी केली, आणि रात्री हातापायांची हाडं अशी ठणकतात की कूस बदलवत नाही. लहान लेकराचे हात सुजून येतात. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना ती रात्र माहीत आहे. कोणी पाय चेपत बसतं. कोणी पाणी गरम करतं. सकाळी भंडाऱ्याला न्यायचं का, ते हळू आवाजात बोललं जातं.

त्या घरापाशी थांबा.

श्वास घ्या.

सोडा.

मग पुन्हा टोकाकडे बघा.

काही दिसतं?

निरोगी माणसाचं टोक असंच दिसतं. वाहकाचं असंच. दोन्ही अकराव्यांवर बदललेलं अक्षर घेऊन जगणाऱ्याचंही असंच. उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाला मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाहून लहान असं वेगळं करून दाखवता येत नाही. आखडलेल्या गुणसूत्रावरच्या नुसत्या एका पट्ट्यात लाखो अक्षरं मावतात. आपल्याला हवं आहे ते एक.

या भिंगाने ते दिसणार नाही. कितीही वेळ बसलात तरी.

त्या जागेकडे बघत राहा.

न दिसणाऱ्याकडे बघताना डोळा अस्वस्थ होतो. दुसरीकडे जायला बघतो. गडद पट्ट्याकडे जातो. त्याला रागवू नका. परत आणा.

परत टोकाकडे.

परत.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या रंगात हे टोक आपण बघतो आहोत, तो गुणसूत्रांसाठी बनलाच नव्हता. हॅम्बुर्गमध्ये गुस्ताव्ह गिम्सा यांनी 1904 साली तो जमवला, हिवतापाचे परजीवी रक्तात ओळखता यावेत म्हणून. आणि हे एक अक्षर पिढ्यानपिढ्या टिकलं तेही हिवतापामुळेच. एका अकराव्यावर बदल आणि दुसरं जसंच्या तसं, अशा वाहक मुलांना मारक हिवतापातून वाचण्याची संधी जास्त मिळत आली. जंगल, पाणी, डास. त्यांच्यात वाचलेली लेकरं मोठी झाली, त्यांना लेकरं झाली. ज्याने जगवलं, तेच दोन्हीकडून आलं की छळतं. मला यात शिक्षा दिसत नाही, घराण्याचा दोष तर मुळीच दिसत नाही. वाचलेल्यांची खूण तेवढी दिसते.

हे वाचून झालं की थोडं थांबा.

बाहेर पुन्हा थेंब पडायला लागलेत. टिनावर. एकेक.

ऐका.

नळीतून जे दिसत नाही, त्याची तपासणी अगदी साधी आहे. छोट्या परीक्षानळीत एक द्रावण घेतात. त्यात रक्ताचा थेंब सोडतात. नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरतात. द्रावण नितळ राहिलं तर रेघा दिसतात. गढूळ झालं, रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचं हीमोग्लोबिन आहे. वाहक की ग्रस्त, ते मात्र यातून कळत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करतात. शाळेत, उपकेंद्रात, शिबिरात सुई टोचून घेतलेली कितीतरी बोटं लाखनीच्या आसपासच्या गावांत आहेत. तुमचंही त्यांतलं एक असेल.

ते बोट अंगठ्याने दाबून बघा. तिथे नाडी जाणवते का?

थोडं दाबून ठेवा. येते. जाते. येते.

या काचेवरच्या बाईची ती तपासणी झाली होती का, ते काचेवर लिहिलेलं नाही. ती वाहक असेल, नसेल. तिच्या दोन्ही अकराव्यांची टोकं आपल्यासमोर आहेत आणि आपण ते सांगू शकत नाही. तिला विचारलं असतं तर तिने कदाचित एका वाक्यात सांगितलं असतं.

नळीवरून डोळा काढा. डोळे मिटा. जांभळट ठसा पापण्यांच्या आत थोडा वेळ राहील.

तो विरेपर्यंत बसा.

आता डोळे उघडा आणि चक्री किंचित फिरवा. हा घोळका कडेला जातो. गोल केंद्रकं जातात. दुसरा घोळका येतो. तिचीच दुसरी पेशी. इथे गुणसूत्रं जरा लांबट आहेत, पट्टे जास्त सुटे आहेत. अकरावं शोधा. बाराव्याजवळ गेलात तर आधी गुणसूत्रबिंदूखालचा फिकट भाग किती रुंद आहे ते बघून घ्या.